गाळलेले रामराम

“शिदू शेलार. गाव मोरखिंड. हे नाव हाय का बघा तुमच्या पुस्तकात.”

माझ्या टेबलापुढं साठीच्या आसपासची एक बाई उभी होती. नऊवारी लुगडं, त्यावर मुलाचा असावा असा जाड कोट, पायात लोकरीचे मोजे आणि मोज्यांवर चपला. कार्यक्रम नुकताच संपला होता. लोक चहाकडे वळले होते आणि मी प्रुफांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन मोठ्या तोऱ्यात बसलो होतो.

“नाही,” मी म्हटलं.

“न बघताच?”

“मावशी, ही पत्रं इंग्रजीत मीच आणलीत. एकशे एकोणचाळीस. यातली सगळी नावं मला पाठ आहेत. शिदू शेलार त्यात नाही.”

“केरबा मोहित्याची पत्रं हैत न्हवं यात? बाईंनी भाषणात आत्ताच सांगितलं.”

“आहेत ना. एकवीस आहेत.”

“मग माझ्या बापाचं, आबाचं नाव कसं नसंल? दोघं एकाच दिवशी भरती झाली, एकाच पलटणीत गेली. केरबाकाका आबाला सोडून पाणी पीत न्हवता.”

“नाही हो मावशी. असतं तर मी सांगितलं नसतं का?”

हे मी जरा चढ्या आवाजातच बोललो. तिनं कोटाची वरची गुंडी लावली, खालची लावली आणि म्हणाली, “मग लोक म्हनत हुते त्येच खरं म्हनायचं.”

शहाण्णव सालच्या नोव्हेंबरची सुरुवात होती ती. गाव लेस्टर. मी सत्तावीस वर्षांचा, पुण्याहून एम. ए. करून आलेला, सुवर्णपदकवाला. अंगात शहाणपण मावत नव्हतं. यमुना निकमबाईंच्या हाताखाली मी संशोधन करत होतो आणि त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठी शिपायांच्या पत्रांचं, भाषांतर माझ्याकडे होतं. बाई वर्षअखेरीला निवृत्त होणार होत्या. पुस्तक त्याआधी यायचं होतं.

बाईंबद्दल सांगायला लागलं की माझं नेहमीच जास्त होतं, तरी थोडं सांगतोच. साताऱ्याकडच्या एका हवालदाराची ही मुलगी सहासष्ट साली इंग्लंडात आली ती इंग्रजांच्या पोरांना इंग्रजी साहित्य शिकवायला. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं त्यांना सफाईवाली समजली होती, हे त्या स्वतःच हसत सांगायच्या. तीस वर्षांनी त्याच विद्यापीठात ‘युद्ध आणि आठवण’ या त्यांच्या वर्गाला जागा मिळायची नाही. त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी होती. एकानं काहीतरी वाचून दाखवायचं आणि बाकीच्यांनी कुठं आवडलं ते सांगायचंच नाही, कुठं कंटाळा आला ते सांगायचं. मग बाई म्हणायच्या, “आता तिथंच बोट ठेवा. तुम्हाला कंटाळा आला, पण लिहिणाऱ्याला आला नव्हता. का आला नव्हता ते शोधा.” जर्मन पोरगी, जपानी पोरगा, आयर्लंडचा एक माजी सैनिक, सगळे त्या एका वाक्यावर घरी जाऊन रात्रंदिवस काम करायचे. त्या वर्गात मी दोन वर्षं बसलो होतो. बसलो होतो, एवढंच.

“लोक काय म्हणत होते?” मी विचारलं. विचारलं ते केवळ बरं दिसत नाही म्हणून.

“पळाला म्हनत हुते,” ती म्हणाली. “तार आली ती बेपत्ता म्हनून. मागनं कागद आला, मेला असं समजावं म्हनून. समजावं म्हंजे काय हो? गाव काय समजायला तयार हुईना. इटलीत पळून ऱ्हायला, तिथली मडम ठेवली, पोरंबी झाल्यात तिला, इथवर लोकांनी सांगितलं. माझा दादा भरतीला गेला तर रांगेतली पोरं म्हनली, पळपुट्याचा हाय, पळायला चांगला असंल. तसाच माघारी आला. आता बासष्ट वर्सांचा हाय, पन गावच्या पंगतीला अजून बसत न्हाई. आन आई मरस्तवर कुक्कू लावून हुती. मेली तवा हिरवा चुडा भरून नेली तिला. बाया तोंडाला पदर लावून हसत हुत्या, मी बघितलंय.”

मला वाईट वाटलं, पण त्या वाईट वाटण्यात माझं बरोबर असल्याची खात्रीही होती. मी म्हटलं, “सॉरी हं मावशी.”

“हौसाबाई जगदाळे नाव माझं. माझा ल्योक हितं हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्यानं पेपरात वाचलं म्हनून आले. बरं, येते.”

“थांबा हौसाबाई.”

बाई मागं उभ्या होत्या. हातात चहाचा कप, डोळ्यांवर गडद काचांचा चष्मा. त्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती.

“श्रीरंग, केरबा मोहित्यांच्या पत्रांमध्ये शेलारांचं नाव नाही?”

“नाही बाई.”

“रामरामातसुद्धा नाही?”

मी पुढ्यातला प्रुफांचा गठ्ठा उगाच सरळ करायला लागलो.

हे रामराम म्हणजे काय ते सांगतो. प्रत्येक पत्रात मजकूर असायचा जेमतेम दहा ओळींचा. मी खुशाल आहे, थंडी फार आहे, बैलाला जप. आणि मग पान-दीड पान नुसती नावं. अमक्याचा तमक्याला रामराम, तमक्याच्या घरी नमस्कार, अमकीला आशीर्वाद. एका शिपायाचं पत्र अख्ख्या गल्लीचं असायचं. पलटणीतले वाडीचे सगळे जण त्यातून आपापल्या घरी निरोप धाडायचे. प्रकाशकानं पुस्तक आवरतं घ्या म्हणून सांगितलं होतं. मी एका दुपारी लाल पेन्सिल घेतली आणि एकशे एकोणचाळीस पत्रांमधले रामराम उडवले. प्रस्तावनेत एक ओळ टाकली, ‘शेवटचे नेहमीचे नमस्कार वगळले आहेत.’ बाईंना प्रुफं मीच वाचून दाखवत होतो, कारण त्यांना दिसत नव्हतं. ती ओळ मी त्यांना वाचून दाखवली नव्हती.

आणि उडवताना मी ते वाचले होते का? छे. ‘रामराम’ दिसला की तिथून खाली सरळ रेघ.

“बाई, ते रामराम मी गाळलेत,” मी म्हटलं. “सगळ्याच पत्रांमधले. मला वाटलं, वाचकाला कंटाळा येईल.”

‘कंटाळा’ हा शब्द तोंडातून गेला आणि माझे कान तापले. बाईंनी चहाचा कप टेबलावर ठेवला. त्या ओरडतील असं मला वाटलं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“हौसाबाई,” त्या म्हणाल्या, “ह्यानं तुम्हाला नाही म्हणून सांगितलं ते न वाचता सांगितलं. पुस्तक माझं, म्हणून चूकबी माझी. माझ्या खोलीत मूळ पत्रं हैत. या बरं माझ्यासंगं.”

त्यांच्या तोंडून ती बोली मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्याशी त्या कायम पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी हौसाबाईंना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, मला कपाटातून फाइल काढायला लावली आणि म्हणाल्या, “वाच. सगळं वाच. आणि पारावर वाचतात तसं वाच.”

“म्हणजे कसं?”

“प्रत्येक नावाला थांबायचं. ज्याचं नाव आलं तो ‘हां’ म्हणेल, मग पुढं जायचं.”

“इथं कोण म्हणणार?”

“मी म्हनते की,” हौसाबाई म्हणाल्या. “गाव माझंच हाय.”

मी वाचायला लागलो. पहिलंच पत्र, त्रेचाळीस सालचं. दहा ओळी झाल्या आणि रामराम सुरू झाले. “गणू सुताराचा त्याच्या आईस नमस्कार.” हौसाबाई म्हणाल्या, “हां. गणूकाका. माघारी आला, येक हात न्हवता.” “बाबू न्हाव्याचा सगळ्या वाडीला रामराम.” “हां. लई हसवायचा म्हनं.” “शिदू शेलाराचा त्याच्या घरी रामराम. नामूनं शाळा बुडवू नये. हौशीचा पापा घेणे.”

मी थांबलो. ‘हां’ आलं नाही. मान वर करून पाहिलं तर हौसाबाईंनी तोंडावर हात घट्ट धरला होता.

“हौशी मी,” त्या कशाबशा म्हणाल्या. “सहा वर्सांची हुते. वाचा, पुढचं वाचा.”

खरं सांगतो, मला स्वतःची अशी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही. एका बाईला तिच्या बापानं पाठवलेला पापा मी लाल पेन्सिलीनं उडवला होता आणि तोऱ्यात सांगितलं होतं, सगळी नावं पाठ आहेत म्हणून.

पुढच्या प्रत्येक पत्रात शिदू होता. शिदूचा रामराम, शिदूनं विचारलं आहे म्हैस व्याली का, शिदू म्हणतो हौशीला पैंजण घेऊन येईन. हौसाबाई आता ‘हां’ म्हणताना हसत होत्या, मधेच डोळे पुसत होत्या. बाई खिडकीशी उभ्या राहून ऐकत होत्या. मग चव्वेचाळीसच्या सप्टेंबरचं पत्र आलं. मी नेहमीसारखी नावं वाचत गेलो. गणू होता, बाबू होता. शिदू आला नाही.

“ऱ्हायलं असंल,” हौसाबाई म्हणाल्या. “न्हाईतर तुमच्याकडनं सुटलं. परत वाचा.”

मी परत वाचलं. माझ्याकडून सुटलं नव्हतं.

माझ्या मनात आलं, म्हणजे पळालाच बहुतेक, आणि ते हौसाबाईंना माझ्याच तोंडून कळतंय. पुढं वाचावं की नाही ते मला समजेना. फाइल मिटावी असं वाटत होतं.

“संपलं का पत्र?” बाईंनी विचारलं.

“नाही, खाली थोडं घरगुती आहे. बायकोला काहीतरी स्वयंपाकाचं.”

“मी तुला सगळं वाच म्हणाले ना श्रीरंग?”

मी वाचलं. “शेलाराच्या घरी यंदा कढई चढू देऊ नये. दिवाळीचं ताट आपल्या घरातून न्यावं. तू स्वतः न्यावं, दुसऱ्या कुणाबरोबर धाडू नये.”

बाई खिडकीपासून वळल्या. मी पुण्याचा असलो तरी एवढं मलाही कळलं. घरात कुणी गेलं की त्या वर्षी सण नाही, तळण नाही, कढई चढायची नाही. शेजारपाजारचे, भावकीतले ताट घेऊन जातात. पत्रं उघडून वाचणाऱ्या लष्करी साहेबाच्या नजरेतून मृत्यूची बातमी सुटणार नाही, म्हणून केरबानं ती बायकोच्या हाती ताटावरून धाडली होती. साहेबाला वाटलं असेल, फराळाचं काहीतरी. आणि बावन्न वर्षांनी मीही त्या साहेबासारखाच वागलो होतो.

“हौसाबाई,” बाई हळूच म्हणाल्या, “केरबांना नक्की ठाऊक असल्याबिगर त्यांनी असं लिव्हलं नसतं. पळून गेलेल्याच्या घरी कुनी ताट धाडत न्हाई.”

हौसाबाई समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “आलं हुतं.”

“काय आलं होतं?”

“ताट. रखमाकाकी आली हुती घिऊन, केरबाकाकाची बायकू. आई उंबऱ्यात आडवी झाली. म्हनली, माझा दादला जित्ता हाय, माझ्या घरात सण मी करीन, तुजं ताट घिऊन जा. असलं भांडान झालं, समदी आळी गोळा झाली. रखमाकाकी रडत माघारी गेली. आन आईनं त्याच वक्ताला कढई चढवली. करंज्या तळल्या. डोळ्यास्नी पानी लागलं तर म्हनली, धूर झालाय. मी बी लई रडले.” त्या थांबल्या. “ताटात अनारसं हुतं म्हनून रडले.”

“मग केरबा परत आल्यावर त्यांनी सांगितलं नाही?” मी विचारलं.

“काका कुठला येतोय. त्योबी त्याच हिवाळ्यात गेला. त्याची तार सरळ आली, मेला म्हनून. रखमाकाकी माहेरला निघून गेली, परत आमच्या आळीत आली न्हाई. आन लोक म्हनायला लागलं, शिद्याची बायकूच म्हनती त्यो मेला न्हाई. मेला न्हाई तर गेला कुठं? पळाला.” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “आईनंच केलं की हो हे. माझ्या आईनंच.”

“असं म्हनू नगा,” बाई त्यांच्यापुढं चक्क जमिनीवर बसल्या. चौसष्ट वर्षांची प्राध्यापक, नुकतीच शंभर माणसांसमोर व्याख्यान देऊन आलेली, हौसाबाईंच्या मोज्यांवर हात ठेवून बसली होती. “दोन लेकरं पदरात हुती तिच्या. तिला त्या दिवशी त्ये ताट घेववलं न्हाई, येवढंच. त्याचं पुढं असं हुईल हे तिला काय ठावं?”

हौसाबाई मग रडल्या नाहीतच. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “फोन हाय का हितं? दादाला लावायचाय. त्याच्याकडं गेल्या वर्सीच आलाय फोन.”

आमच्याकडे दुपारचे दोन वाजले होते, तिकडे संध्याकाळचे साडेसात. नंबर लागेपर्यंत चारदा फिरवावा लागला. बाईंनी स्पीकरचं बटण दाबलं.

“दादा, मी हौशी. दिवाळीचं चाललंय का रं?”

“चाललंय की. वैनी तुजी चकल्या तळतीया. का गं, येवढ्या लांबनं फोन?”

“दादा, बसून घे. आबाचं कळलं.”

हौसाबाईंनी सगळं सांगितलं, न अडखळता. केरबाचं पत्र, पापा, पैंजण, मग ताट. सांगताना त्यांनी आईचं नाव एकदाही घेतलं नाही. सांगून झाल्यावर तिकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं लाइन तुटली.

“दादा? हायस न्हवं?”

“हाय.” आवाज घोगरा झाला होता. “म्हंजे त्यो लढाईतच गेला.”

“व्हय.”

“पळाला न्हवता.”

“न्हाई रं दादा. न्हाई पळाला.”

त्यानं विचारलं, “मग हौशे, सुतक धरायचं का?”

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “तुमी बामनाचं हाय न्हवं? तुमीच सांगा. बावन्न वर्सं झाली, आता धरत्यात का?”

मला काय माहीत! सुवर्णपदकवाला मी, नुसता बघत राहिलो. बाई फोनजवळ सरकल्या.

“नामदेवराव, मी निकमांची यमुना बोलतीया, तुमच्या बहिणीसंगं हाय. बापाचं सुतक कवाबी कळलं तरी पुरं धरायचं. कळल्या दिसापासनं दहा दिवस. तुमी दहा, हौसाबाई तीन. कढई उतरवा.”

“आजपासनं?”

“आत्तापासनं.”

“उतरिव गं,” तो तिकडे बायकोला म्हणाला. “कढई उतरिव. आबा गेलं.”

भांडं आदळल्याचा आवाज आला. रिसीव्हर कशावर तरी तसाच ठेवला गेला, फोन बंद झाला नाही. पावलं लांब गेली, दार उघडलं. आणि मग त्या बासष्ट वर्षांच्या माणसाचा आवाज आला, गल्लीत उभा राहून, जिवाच्या आकांतानं ओरडणारा.

“ओ भावकी! बाहेर या समदी! आमचा आबा गेला! लढाईत गेला, इटलीत! यंदा आमच्यात सण न्हाई!”

कुणीतरी विचारलं, “कोन गेलं रं नामू? कवा?”

“आबा माझा! शिदू शेलार! चव्वेचाळीस साली गेला, मला आज कळलं!”

दारं उघडल्याचे आवाज आले, माणसं बोलायला लागली. मग फोनच्या अगदी जवळून कुणा बाईनं गळा काढला. “वैनी हाय,” हौसाबाई म्हणाल्या. पाठोपाठ दुसरीनं काढला, मग तिसरीनं. कुणीतरी म्हातारा थरथरत्या आवाजात म्हणत होता, नामू, आरं ये, बस हितं माझ्यापाशी.

हौसाबाईंनी फोन दोन्ही हातांनी छातीशी ओढून घेतला आणि इतका वेळ आवरलेला गळा मोकळा केला. लेस्टरमधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, शनिवारच्या दुपारी, “आबा, माझ्या आबा” म्हणून ती बाई आळीतल्या बायकांबरोबर रडत होती. शेजारच्या खोलीतले दोघे इंग्रज प्राध्यापक दारात येऊन उभे राहिले. बाईंनी त्यांना हातानंच सांगितलं, आत या, बसा. ते आले आणि बसले.